वाट्याला आलेली भाजी

दिवाळीच्या अंकात भाजीवर निबंध लिहिणारा मनुष्य एक तर अरसिक असला पाहिजे, नाही तर त्याला फराळाचे अजीर्ण झालेले असले पाहिजे. घरोघरी चकलीच्या भाजणीचा वास दरवळत असताना मी वाचकांच्या घरात भेंडी, दुधी आणि काकडी घेऊन शिरतो आहे; आणि तीही उन्हाळ्यातली! पण या अपराधाला निमित्त दिवाळीचेच झाले. गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही कोकणातल्या रिवाजाप्रमाणे तुळशीपाशी कारीट फोडत होतो. कारीट हे काकडीच्याच गोत्रातले, पण चवीला विषासारखे कडू. पायाच्या अंगठ्याखाली ते चिरडताना माझ्या आठ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, हे विकतचे, की आपल्या वाट्याचे?"

उत्तर सोपे होते. कारीट आदल्या दिवशी दादरच्या बाजारातून आणलेले होते. पण गेली काही वर्षे आमच्या घरात भाजीच्या दोन जाती झाल्या आहेत, एक विकतची आणि एक वाट्याची. या दोहोंत फरक काय, हे शिकायला मला एक अख्खा उन्हाळा आणि थोडीशी शरम खर्ची घालावी लागली. ती हकिकत सांगावी आणि तिच्या आधाराने एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

'वाटा' हा शब्द मोठा लबाड आहे. बाजारात कोळीण कोलंबीचे लहान लहान ढीग मांडून बसते आणि त्या प्रत्येक ढिगाला वाटा म्हणते. तेथे वाटा म्हणजे किंमत ठरलेला ढीग. भावाभावांत जमीन विभागली जाते तेव्हा वाटा म्हणजे हक्क. आणि एखाद्यावर संकट कोसळले की आपण हळहळतो, 'बिचाऱ्याच्या वाट्याला हेच आले!' तेथे वाटा म्हणजे दैव. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ. मी काय केले, तर पहिल्या अर्थाने वाटा घेतला, दुसऱ्या अर्थाने तो मागितला, आणि तिसरा अर्थ मात्र शेतकऱ्यासाठी राखून ठेवला.

झाले ते असे. आमच्या ओळखीच्या वीस कुटुंबांनी मिळून कर्जत तालुक्यात पेज नदीच्या काठी दीड एकर भाजीपाला करणाऱ्या एका शेतकऱ्याशी करार केला. करार म्हणजे मुद्रांकाचा कागद नव्हे, नुसता तोंडी शब्द. आम्ही दहा आठवड्यांचे पैसे आगाऊ द्यायचे आणि त्याने दर शनिवारी शेतात जे तयार होईल ते वीस टोपल्यांत सारखे वाटून पाठवायचे. काय पाठवायचे हे आम्ही सांगायचे नाही. ते ऊन, पाणी आणि माती यांनी ठरवायचे.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नव्हे. जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात रासायनिक शेतीला भ्यालेल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी असेच संधान बांधले. त्या व्यवहाराला तिकडे 'तेइकेइ' म्हणतात आणि त्याचा अर्थ सहकार्य, हातात हात घेणे असा काहीसा आहे. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन शेतांवर हाच प्रकार सुरू झाला आणि पुढे तो देशभर पसरला. आपल्या मुंबईतही २०१० च्या आसपास 'हरी भरी टोकरी' या नावाने अशा टोपल्या घरोघर जाऊ लागल्या. आम्ही त्या वाटेवरचे मागाहून आलेले वारकरी. आमचे कर्जतचे गृहस्थ सर्वांत लहान, म्हणून आम्ही त्यांना भाऊ म्हणू लागलो, आणि ते आम्हा सर्वांना सरसकट काका-काकू म्हणू लागले.

२०२१ सालच्या गुढीपाडव्याला आम्ही पैसे दिले. तो काळ वाचकांच्या स्मरणात असेलच. महामारीची दुसरी लाट आलेली, लोकलगाडी सामान्यांना बंद, आणि बाजारात जायचे म्हणजे जिवावरचे काम. अशा दिवसांत दारात टोपली येणे हे सुख होते. पण त्या सुखाला एक कुसळ होते. चाळीस वर्षे मी दादरच्या बाजारात भेंडीचे टोक मोडून, काकडीला नख लावून, वांग्याचा देठ पारखून भाजी घेत आलो. ती पारख हा माझ्या गृहस्थाश्रमातला एकमेव पराक्रम! टोपलीने तो हिरावून घेतला. मराठीत बाजारातही भाजी 'निवडतात' आणि घरीही 'निवडतात'. टोपली आल्यापासून बाजारातले निवडणे संपले आणि माठाच्या जुड्या पुढ्यात घेऊन घरातले निवडणे मात्र दुप्पट झाले.

पहिले पाच शनिवार टोपली अशी भरून आली की ठेवायला जागा पुरेना. भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, लाल माठ, शिराळी, पडवळ, कोवळी तोंडली. दुधी तर दर आठवड्याला. दुधीची भाजी झाली, थालीपीठ झाले, कोफ्ते झाले, हलवा झाला. शेवटी नातवाने त्याचे नाव 'पाहुणा' ठेवले, कारण तो आला की जायचे नाव घेत नसे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काकडीला बहर आला आणि एका टोपलीत मी बावीस काकड्या मोजल्या. आम्ही कोशिंबिरी केल्या, धोंडस केले, शेजारीपाजारी वाटल्या, आणि वाटताना 'आमच्या शेतातल्या आहेत' असे म्हणायलाही चुकलो नाही. 'आमच्या शेतातल्या' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने समुद्रातून गुजरातकडे गेले. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले होते. लोक त्यातून जेमतेम सावरत होते. आम्ही दारे-खिडक्या लावून घरात बसलो. वाऱ्याचा आवाज ऐकला, चहा केला, पडलेल्या झाडांची छायाचित्रे पाहिली. त्या शनिवारी टोपली आली ती अर्धी. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या, लाल भोपळ्याची एक फोड आणि माठाची मार लागलेली एक जुडी. पुढच्या शनिवारी नुसत्या कैऱ्या. त्याच्या पुढच्या शनिवारी काहीच नाही.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दहा आठवड्यांचे चार हजार रुपये. पाच टोपल्या पुऱ्या आल्या. म्हणजे दोन हजारांचा माल येणे. त्यातून कैऱ्या आणि भोपळा वजा जाता सतराशे रुपये निघत होते. हिशेब निर्दोष होता. मी भाऊंना फोन लावला. प्रथम अर्थातच वादळाची विचारपूस केली.

"काका, मांडव पार आडवा झाला," ते म्हणाले. "दुधी, काकडी, पडवळ, सगळे वेल मुळासकट गेले. भेंडी उभी आहे, पण फूल धरीत नाही. तुमचे पैसे माझ्याकडे निघतात ते मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल तर परत करतो. थोडे पुढेमागे होईल, एवढेच."

मी 'पाहू, पाहू' म्हणून फोन ठेवला. माझा हिशेब त्यांनी मी सांगण्याआधीच मान्य केला होता, त्यामुळे मला खरे तर बरे वाटायला हवे होते. ते वाटेना. सौभाग्यवती जवळच बसून कैऱ्या किसत होत्या. त्यांनी कागदाकडे नजर टाकली आणि विचारले, "यात त्या बावीस काकड्या कुठे मांडल्या आहेत?"

मी म्हटले, "त्या आल्या की. त्यांचा काय संबंध?"

"दोन आठवड्यांचा माल एका टोपलीत आला, तेव्हा तुम्ही भाऊंना जास्तीचे पैसे पाठवले होते का?"

मी पाठवले नव्हते. ते मनातही आले नव्हते. शेतात पिकले तेव्हा शेत 'आमचे' होते. शेत झोपले तेव्हा ते भाऊंचे झाले. सुगीत मी भागीदार आणि वादळात गिऱ्हाईक, असा माझा निर्दोष हिशेब होता. बाजारात गिऱ्हाईक होण्यात पाप नाही. पैसे मोजावे, माल घ्यावा, मोकळे व्हावे. तो सरळ व्यवहार आहे. भागीदारी हाही सरळ व्यवहार आहे. वाकडेपणा शिरतो तो एकाचा नफा आणि दुसऱ्याची सुरक्षितता अशी दोन्ही फळे एकाच हाताने तोडू पाहण्यात.

येथपर्यंत कोणीही सज्जन वाचक मान डोलावील. पण प्रश्न इतका सोपा असता तर मी लेख लिहिला नसता. आमच्या वीस कुटुंबांत एक कुटुंब टॅक्सी चालवणाऱ्या गृहस्थांचे होते. टाळेबंदीत त्यांची टॅक्सी महिनेच्या महिने उभी. त्यांनी आपले पैसे परत मागितले आणि भाऊंनी ते दिले. आमच्यातल्या काहींनी नाक मुरडले. मला मात्र त्या गृहस्थांचे वागणे चुकीचे वाटले नाही, आजही वाटत नाही. जोखीम वाटून घेणे हा सद्गुण असेल, पण तो ज्याच्या घरात दोन महिन्यांचे धान्य आहे त्याला परवडणारा सद्गुण आहे. ज्याच्या घरावरून आधीच एक वादळ गेले आहे, त्याला दुसऱ्याच्या वादळातला वाटा घ्यायला सांगणे हा धर्म नव्हे. तेव्हा प्रश्न असा उरतो : वाटा म्हणजे नेमके कशातला वाटा, आणि तो कोणी किती घ्यावा?

शिवाय 'वाटा' हा शब्द ऐकून लगेच हात जोडावेत असाही तो पवित्र नाही. ज्या जिल्ह्यात भाऊंचे शेत आहे तो रायगड पूर्वीचा कुलाबा, आणि तेथल्या मातीने वाट्याचे दुसरे रूप पुरेपूर पाहिलेले आहे. खोताला कुळाने भात मोजून द्यायचे, आणि उरलेल्यात वर्ष काढायचे. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी जमिनी कसायचेच नाकारले. तो संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे चालला. माणसे करवंदे विकून, लाकडे तोडून जगली, पण नांगर धरला नाही. १९३७ साली डॉक्टर आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि पुढे १९४८ चा कूळ कायदा आला. गावगाड्यातले बलुते हाही वाटाच होता. सुगीत खळ्यावर सुतार-लोहारांना धान्य मिळे. परंतु कोणी काय काम करायचे हे जन्माने ठरलेले, आणि खालच्या पायरीवरच्या माणसाला 'मला हा वाटा नको, हे कामही नको' म्हणण्याची सोय नव्हती. तेव्हा जो नाकारता येत नाही तो वाटा नव्हे, ती वेठ. टॅक्सीवाल्या गृहस्थांना आपले पैसे परत घेता आले, यातच आमच्या साध्या तोंडी कराराचा चांगुलपणा होता.

पण नाकारण्याचे स्वातंत्र्य मिळाले तरी एक शंका उरतेच, आणि व्यवहारी वाचकांच्या ओठांवर ती आलीही असेल. उद्या आळसाने शेत बुडाले आणि शेतकऱ्याने ते दैवावर ढकलले, तर? वादळ एका दिवसाचे असते, पण दुर्लक्ष रोजचे असू शकते. दैव कोणते आणि दोष कोणता, हे दादरच्या खिडकीत बसून कसे कळावे?

ते कळावे म्हणून पुढच्या उन्हाळ्यात, लोकल पुन्हा सुरू झाल्यावर, मी आणि सौभाग्यवती पहाटेची कर्जत गाडी धरून गेलो. बदलापूर, वांगणी, नेरळ अशी स्टेशने मागे टाकीत दोन तासांनी कर्जतला उतरलो, वडा खाल्ला आणि भाऊंच्या मोटारसायकलमागून रिक्षाने शेतावर पोचलो. सात वाजले होते आणि वहिनींची निम्मी तोडणी झाली होती. अंगात लांब बाह्यांचा जुना शर्ट, कारण भेंडीच्या लवेने हाताला खाज सुटते. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. एक खेप चुकली की ती जून होते आणि झाडही थकते. म्हणजे लग्न असो, ताप असो, एक दिवसाआड पहाटे शेतात हजर. मी बाजारात ज्या भेंडीचे टोक मोडून पाहत होतो, त्या टोकामागे ही पहाट होती.

भाऊंनी मला काकडीचे फूल दाखवले. मादीफूल उमलते तेच देठाशी बोटाच्या पेराएवढी काकडी घेऊन. सकाळी मधमाशी त्यावर फिरली तर ती काकडी वाढते. न फिरली तर पिवळी पडून गळते. "म्हणून सकाळच्या वेळेला मी फवारणीचा पंप हातात धरीत नाही," भाऊ म्हणाले. "आधी माशी, मग आपण." दुधीची आणि पडवळाची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, त्यांना पतंग लागतात. फळमाशीसाठी मांडवाला सापळे टांगलेले होते. बांबूचा मांडव नव्याने घातला होता, आणि या खेपेला वाऱ्याच्या बाजूला शेवग्याची रांग लावली होती. दैव आणि दोष यांतला फरक मला तेथे, त्या रांगेपाशी, थोडाफार समजला. वादळ आले हे दैव. पुढच्या वादळाची काहीच तयारी नसती तर तो दोष. पण तो पाहण्यासाठी शेतापर्यंत जावे लागते. ज्याला जायचे नाही त्याने गिऱ्हाईक राहावे, ते अधिक प्रामाणिक.

मग मी विचारले, की मे महिन्यात एवढे पाणी येते कुठून? कर्जतचा पाऊस प्रचंड, पण होळीनंतर ओढे कोरडे पडतात. भाऊंनी पूर्वेकडे सह्याद्रीच्या भिंतीकडे बोट दाखवले. तिकडे वर, आंदर मावळात, टाटा कंपनीने आंध्रा नदीवर ठोकळवाडीला धरण बांधले. ते पाणी मोठाल्या नळांतून घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरावर पडते. वीजघर १९२२ साली सुरू झाले. चाके फिरवून झाली की पाणी पेज नदीत सोडतात, आणि त्यावर, राजनाल्याच्या कालव्यावर, कर्जतची उन्हाळी भातशेती आणि भाजी पिकते. शेजारच्या खालापुरातही खोपोलीच्या १९१५ सालच्या वीजघराचे पाणी असेच पाताळगंगेला मिळते. मुंबईत दिवा लागावा म्हणून पडलेले पाणी भाऊंच्या काकडीला मिळते, आणि ती काकडी पुन्हा मुंबईत येते!

मला ही साखळी फार गमतीची वाटली आणि मी तसे बोललो. भाऊ हसले, पण म्हणाले, "काका, ते पाणी मुळात इकडचे नव्हतेच." खरेच आहे. आंध्रा नदी इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. ते पाणी पूर्वसमुद्राला जाणारे. माणसाने ते पश्चिमेला वळवले. वर धरणाखाली मावळातल्या गावांच्या जमिनी गेल्या, आणि खाली कोणाचे तरी पाणी तितके कमी झाले. म्हणजे माझ्या टोपलीत भाऊ-वहिनी आणि मी एवढेच वाटेकरी नव्हतो. मधमाशी होती, पतंग होते, आणि ज्यांना आपला वाटा कोणी विचारलाही नाही अशी डोंगरापलीकडची माणसे होती. त्यांचे देणे मी कसे फेडावे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. पण एवढ्या जणांच्या खांद्यांवरून आलेल्या टोपलीत सतराशे रुपयांची तूट शोधीत बसणारा मनुष्य मला त्या दिवशी फार लहान दिसला, आणि तो मीच होतो.

त्या दुपारी वहिनींनी जेवायला वाढले. तांदळाची भाकरी, चवळीच्या शेंगांची भाजी, काकडीची फोड आणि आठळ्या घातलेली आमटी. जेवणानंतर आम्ही बसून काही गोष्टी ठरवल्या आणि पुढे बाकीच्या कुटुंबांनीही त्यांना होकार दिला. वारा, गारा, अवकाळी पाऊस यांनी जे जाईल ते सर्वांचे गेले. त्याचे पैसे मागायचे नाहीत. हयगयीने जे जाईल ते भाऊंचे. आणि ते त्यांनी आपणहून सांगायचे. फार पिकले तर जास्तीचे भाऊंनी बाजारात विकायचे आणि ते पैसे मांडवाच्या डागडुजीला ठेवायचे, म्हणजे बावीस काकड्यांची पाळी येणार नाही. ज्यांना आगाऊ रक्कम जमत नाही त्यांनी आठवड्याचे आठवड्याला द्यावे. त्यांच्यावर वादळाचा भार नाही, तो उरलेल्यांनी उचलायचा. टॅक्सीवाले गृहस्थ या शेवटच्या कलमाने परत आले. गेल्या दोन वर्षांपासून ते इतरांसारखे आगाऊ देतात. कोणी सांगितले नव्हते.

मी तत्त्वज्ञ नाही, आणि एका टोपलीवरून जगाची अर्थव्यवस्था उभी करण्याची मला हौस नाही. सगळ्या मुंबईला अशा टोपल्या पुरणार नाहीत. बाजार हवाच, आणि मीही अजून मंगळवारी दादरला जाऊन भेंडीचे टोक मोडतोच. पण बाजारात एक गोष्ट आपल्याला कधी विचारली जात नाही, ती टोपली विचारते : नसेल तेव्हा तुम्ही कोण? भरलेल्या ताटाभोवती पंगत जमवायला नाते लागत नाही.

दिवाळीत आपण शेजाऱ्याकडे फराळाचे ताट पाठवतो. आमच्या लहानपणी आई सांगत असे, की कोणाचे ताट रिकामे परत करू नये. काही नसले तर चिमूटभर साखर घालून द्यावी. आलेल्या करंज्या मोजून तितक्याच परत पाठवणारे घर कोणाला आवडत नसे, आणि काहीच न पाठवणारेही नाही. त्या साखरेला हिशेबात किंमत नव्हती. ताट पुन्हा येण्याची वाट मात्र ती मोकळी ठेवी.

त्या २०२१ च्या जूनमध्ये, मी हिशेबाच्या कागदाची घडी करून खिशात घातली त्या दिवशी, कर्जतचा टेंपो रिकाम्या टोपल्या न्यायला आला होता. सौभाग्यवतींनी आमच्या टोपलीत वादळातल्या त्याच कैऱ्यांच्या छुंद्याची एक बरणी ठेवली आणि वर चिठ्ठी लिहिली : 'उरलेले बियाण्याला धरावे.' मी ती चिठ्ठी वाचली आणि खाली माझीही सही केली. या दिवाळीला टेंपो येईल तेव्हा फराळाचा डबा जाईल. कारीट मात्र आम्ही विकतच आणणार. भाऊ म्हणतात, "ते शेतात आपोआप उगवते, पाठवू का?" मी नको म्हणतो. सगळेच वाट्याचे झाले तर नातू प्रश्न कसा विचारणार?